धनराजची गिटार अन् बोडीवरची लाईन

धनराजच्या घरी जाऊन राह्यले असान, तं पयले माह्याजवळ बसा अन् एक गोष्ट ऐकून ठेवा. त्याच्या डाव्या हाताकडे टक लावून पाहू नका. त्याची दोन बोटं वाकडी हायेत, मधातून वळत नाईत. बाहेरून आलेले लोक पाहतात अन् हळहळतात, "अरेरे, गिटार वाजवणाऱ्याची बोटं!" माह्या तळपायाची आग मस्तकात जाते. हळहळून काय होते बाप्पा? मी इसरू. त्याचा लहानपणापासूनचा दोस्त, त्याच्या पार्टीत ढोलक वाजवतो, अन् माहं तोंड खराब हाये. हे तुमाले सारं गाव सांगन. पण बाकीचं जे झालं, ते गाव सांगणार नाई. ते मीच सांगतो.

आमचं गाव चिखलबोडी, सावली नावाच्या तालुक्याच्या गावापुढे. एका अंगाले धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरं, दुसऱ्या अंगाले जंगल, अन् मधात बोडी, म्हणजे तळं. धनराजचं सावलीले मोटार वाइंडिंगचं दुकान. शेतातल्या पंपाची मोटार जळाली का लोक त्याच्याकडे आणतात, तो जळकी तार उपसून नवी गुंडाळते. हे दिवसाचं काम. संध्याकाळी भीमगीताची पार्टी. ढोलक माहं, गळा त्याच्या लहान भावाचा, विक्कीचा, अन् गिटार धनराजची.

ती गिटार त्यानं नागपुरातून जुनी आणली होती. साधी, लाकडाची, पोकळ पोटाची. मंग महिनोमहिने बसून त्यानं तिले दोन कान लावले. एक कान म्हणजे बारकी चकती, तारा ज्या घोडीवर टेकतात तिच्या खाली दाबलेली. ती लाकडाची थरथर धरते. दुसरा कान कॉइलचा. पंपाच्या जळक्या स्टार्टरमधून बारीक तार काढून त्यानं लोहचुंबकावर हातानं गुंडाळली अन् तारांच्या खाली ठोकली. वरून दोन बटणं. घरी नेलपॉलिश कुठची, शेजारच्या पोरीची मागून आणली अन् एका बटणावर लिहिलं 'लाकूड', दुसऱ्यावर 'करंट'. लाकूड फिरवलं का अंगणात बसून वाजवल्यासारखा गोड आवाज. करंट फिरवला का तीच तार चिरत जाय. पयलं कडवं तो लाकडावर वाजवे. दुसऱ्या कडव्याले विक्की गळा चढवे अन् धनराज हळूच करंट मिसळवे, तसे लोक बसल्या जागेवरून उठत. म्हाताऱ्या बाया डोळे पुसत. मी स्वतः ढोलक वाजवता वाजवता रडलो हावो, लाज नाई सांगायले.

कॉइलमध्ये एक खोट होती. वायर, मीटर, ट्यूबलाईट, काहीही करंटचं जवळ आलं का ती घुमे, हूंऽऽ करून. लोक चिडवत, "धनराजभाऊ, गिटारीत भुंगा शिरला वाटते!" कॉइलवर तांब्याची पातळ पट्टी गुंडाळली का ते बंद होते, हे त्याले ठाऊक होतं. "करतो रे दिवाळीनंतर," म्हणे. दिवाळीनंतर विक्की मेला.

आता आमच्याकडची एक रीत सांगतो, तोंड वाकडं करू नका. धान भरला का जंगलातून रानडुकरं येतात अन् एका रातीत बांधी लोळवतात. म्हणून लोक काय करतात, बांधीभोवती खुट्या ठोकून गुडघ्याइतकी उंच उघडी तार फिरवतात अन् लाईनच्या खांबावर आकडा टाकून तिच्यात करंट सोडतात. डुक्कर लागलं का जागेवर थंडं. कायद्यानं हा गुन्हा हाये, माणूस मेला तं जेल हाये. म्हणून दिवेलागणीच्या आधी गावात दवंडी देणारा झिंगू हापशीजवळ उभा राहून हाक देत असे, "बोडीकडे लाईन हाये होऽऽ, कोणी जाऊ नका!" जागा सांगे. लाईन कोणाची, ते कधीच नाई. कोणी विचारत बी नसे. आज याची, उद्या त्याची, चोर चोर मावसभाऊ. झिंगू साऱ्याइकडून धान घे अन् साऱ्याइचं नाव पोटात ठेवे.

त्या दिवशी आमची पार्टी पोंभुर्ण्याकडे होती. झिंगूनं हाक देल्ली तवा आमी गावात नोहतो. परतता परतता फटफटलं. आमची गाडी सडकेनं फिरून येणार होती. विक्की म्हणे, "मी बोडीवरून जातो, आईच्या हातचा चहा तुमच्या आधी पेतो." हसत उतरला अन् गाणं गुणगुणत बांधानं गेला. आमी घरी पोचलो तं चहा उकळून उकळून काळा झाला होता अन् विक्की नोहता.

दुपारी तो जंगलातल्या नाल्यात सापडला. हात छातीवर ठेवलेले, तोंडावर गडीमाणसं खांद्यावर घेतात तसला दुपट्टा टाकलेला. कोणी म्हणे वाघ, कोणी म्हणे साप. अबे, वाघ कधी तोंडावर दुपट्टा टाकते का? धनराजनं त्याचा पायजामा वर केला. दोन्ही नळ्यांवर काळी रेघ होती अन् तिथचं मांस फाटून हाड दिसून राह्यलं होतं. पोलीस आले, पंचनामा झाला. बोडीभोवतीच्या साऱ्या बांध्या पाहल्या. कुठीच तार नाई, नुसते खुट्यांचे खड्डे. साऱ्याइच्याच बांधीत खड्डे.

विक्कीले बुद्धवंदना म्हणून मातीत ठेवलं तवा सारं गाव आलं होतं. त्याची आई रुखमाबाई रडली नाई. ती उभी राह्यली अन् एकेकाच्या तोंडाकडे पाहत म्हणाली, "मले कोणाले जेलात नाई टाकायचं. मले काही नाई पाहिजे. लाईन कोणाची होती तेवढं सांगा. माह्या लेकराले कोणी उचलून नाल्यात फेकलं, तेवढं नाव सांगा." लोक खाली पाहत राह्यले. कोणाले खोकला आला, कोणाची चप्पल तुटली. वामनरावनं, म्हणजे बोडीच्या काठाचा मोठा शेतकरी, ट्रॅक्टरवाला, त्यानं डोळे पुसले अन् म्हणाला, "बाई, झालं ते वाईट झालं." बस. आई घरी गेली, विक्कीच्या खाटेवर बसली अन् त्या दिवसापासून तिचं एकच चालू झालं, "धनराज, लाईन कोणाची होती रे?" जेवताना तेच, पाणी पेताना तेच.

धनराज तसा शांत माणूस. आमच्या जोडीत भांडण माहं काम. पण त्या आठवड्यात त्यानं हापशीजवळ झिंगूचा गळा धरला अन् त्याचं थुतर लोखंडी दांड्यावर आपटलं. झिंगूच्या तोंडातून रक्त अन् दात संगच पडले. "नाव सांग!" पुन्हा आपटलं. "नाव सांग, भडव्या!" झिंगू रक्त थुंकत म्हणे, "धनराजभाऊ, मले पोट हाये, मले मारून टाक पण नाव नको विचारू." चौकात माणसं उभी होती. कोणी सोडवायले नाई आलं. शेवटी मीच धनराजले मागून उचललं, नाई तं झिंगू तिथंच गेला असता. खोटं कायले बोलू, मले तो जावा असंच वाटत होतं.

मंग एक दिवस आमी एका नामकरणाच्या कार्यक्रमाले बांधानं चाललो होतो. धनराजच्या खांद्यावर स्पीकरचा बॅटरीवाला डबा, भाजी विकणारे गावोगाव वाजवतात तसा, अन् गळ्यात गिटार, तिची वायर डब्यात. चालता चालता कॉइल घुमली. हूंऽऽ. धनराज थबकला. वर पाहलं, वरून लाईन जात नोहती. एक पाऊल मागं आला, आवाज उतरला. पुढे गेला, चढला. त्यानं मले हातानं अडवलं अन् काठीनं धान बाजूले केला. हातभर पुढे तार होती, उघडी, गुडघ्याइतकी उंच. दोन पावलं अजून टाकली असती तं मी तुमच्या समोर नसतो. धनराज माह्याकडे पाहून म्हणाला, "इसरू, विक्कीच्या हातात ही असती तं?" अन् तिथं बांधावर बसून पयल्यांदा रडला.

त्या दिवसापासून तो रोज संध्याकाळी निघे. शेतीची लाईन, म्हणजे पंपाची वीज, सुटायचा टाइम झाला का गळ्यात गिटार, खांद्यावर डबा. लाकूड बंद, करंट पूर्ण. वाजवत नसे काहीच, नुसता चाले. घुमली का तार हुडके, तारेच्या कडेकडेनं खांबापर्यंत जाय, वाळल्या बांबूनं आकडा पाडे अन् तार गुंडाळून घरी आणे. त्याच्या घरामागं तारेचा ढीग लागला. मी संग असो. लोक पिसाळले. त्यांचंबी खोटं नाई, डुकरानं धान लोळवला का वर्षभराचं खाणं जाते. पण म्हणून माणूस मारता का बे? एकानं धनराजच्या पाठीत कुदळीचा दांडा घातला. त्याच्या नाकावर मी असा ठोसा देल्ला का नाक आजबी एका अंगाले झुकलेलं हाये, बाजारात दाखवतो तुमाले. प्रत्येकाले धनराज एकच विचारे, "विक्की गेला तवा लाईन कोणाची होती?" शिव्या साऱ्याइनं देल्ल्या, नाव एकानं नाई देल्लं.

अन् मंग त्यानं वामनरावची तार काढून आणली. वामनरावच्या बांधीत डुकरं शिरली, बोडीकाठची अख्खी बांधी गेली. दुसऱ्या दिवशी वामनराव दोन पुतण्यांले घेऊन सावलीले दुकानात आला. मी चहा सांगायले गेलो होतो. परतलो तं शटर अर्धं खाली. आत धनराजले टेबलावर पालथा पाडला होता अन् त्याचा डावा हात शिकंज्यात घातला होता, मोटारीचा लोखंडी शाफ्ट आवळतात त्या शिकंज्यात. वामनराव दांडा फिरवून राह्यला होता. "पुन्हा माह्या शेतात पाय ठेवशील?" धनराजचा चेहरा पांढरा पडला होता, पण बोलला काय माहीत हाये? "वामनराव, लाईन कोणाची होती?" वामनरावनं अजून एक आटा देल्ला. हाड मोडल्याचा आवाज मी शटरजवळून ऐकला. मी आत उडी मारली तं एका पुतण्यानं मोठा पाना माह्या कानशिलावर हाणला. पडता पडता मी पाहलं, दुसऱ्यानं गिटार उचलून भिंतीवर फेकली. पोटाची फळी तडकून आत गेली.

मी म्हटलं, पोलिसात चाल. धनराज म्हणे, "कायले? मले बोटांचा हिशेब नाई पाहिजे, विक्कीचा पाहिजे." त्याची आई तं बोटांकडे पाहतबी नोहती, तिचं तेच चालू होतं. दुसऱ्या दिवशी वामनरावची पोरगी खुशबू घरी आली. गडचिरोलीले नर्सिंग शिकते, दिवाळीच्या सुट्टीत आली ते अजून परत गेली नोहती. पट्टी, औषध घेऊन आली. खाली बसून धनराजची बोटं बांधली. नजर वर उचलत नोहती. मी म्हटलं, "बाप मोडते अन् लेक बांधते, लय चांगला धंदा हाये व तुमचा." तिनं पट्टीची गाठ मारली अन् उठली. जाताना दारात थांबली, रुखमाबाईकडे पाहलं, तोंड उघडलं, अन् तसंच मिटून चालली गेली.

गिटारीची फळी धनराजनं एका हातानं चिकटवली, पण लाकडाचा आवाज फाटला. कॉइल मात्र धडधाकट होती. आठ दिवस गेले नसतील, हातात पट्टी अन् गळ्यात गिटार घालून हा पठ्ठ्या पुन्हा उभा. मी ओरडलो, "अबे, वाजवता येत नाई तुले आता!" म्हणे, "वाजवायले बोटं लागतात रे, ऐकायले नाई लागत." मी बांबू उचलला अन् संग गेलो.

त्या संध्याकाळी सूर्य बोडीपलीकडच्या झाडांत टेकला होता, उजेड चांगला होता. वामनरावच्या बांधीजवळ आलो अन् कॉइल अशी घुमली का डबाच थरथरला. शेतीची लाईन त्या दिवशी लवकर सुटली होती. उभ्या धानात पाहतो तं खुशबू. उकिडवी बसलेली, दोन्ही हात गुडघ्याभोवती. तिच्या पुढे त्याइची तांबडी गाय आडवी पडलेली, पायाखालून धूर निघून राह्यला होता. गाय सुटली म्हणून ती पाहायले आली होती. तेवढ्यात लाईन आली अन् गाय तिच्या डोळ्यांदेखत तारेले लागली. पडताना गायीनं खुट्या उपटल्या, तार कुठं धानात लोळली काही दिसेना. पोरगी हुशार, बसली तिथून हालली नाई. बापाले फोन केला होता. "धनराजभाऊ, तार कुठी हाये?" रडत म्हणाली. धनराज म्हणाला, "हालू नको. मी ऐकून सांगतो." अन् मले म्हणाला, "इसरू, खांब पाहा, आकडा पाड." तो गिटार पुढे धरून एकेक पाऊल टाकत तारेचा माग काढू लागला, मी बांबू घेऊन खांबाकडे पळालो.

इथं झिंगूचा एक प्रताप ऐका. तो वामनरावच्याच घरचा सालगडी. जवळच्या खांबाची लाईन सकाळी गेलेली. म्हणून त्यानं मागच्या, पळसाआडच्या खांबावरून नवा आकडा टाकला अन् जुना जवळच्या खांबावर तसाच लटकत ठेवला. वामनरावले सांगितलं नाई, आपण दारू प्याले निघून गेला. आमाले तरी ते कुठं माहीत. मी जवळच्या खांबाशी पोचत होतो तं वामनरावची फटफटी आली. त्यानं गाडी तशीच पाडली, माह्या हातून बांबू हिसकला, आकडा खाली पाडला, बांबू फेकला अन् पोरीकडे धावला.

"आलो व माय, आलो मी! काढली लाईन!"

धनराज ओरडला, "वामनराव, थांबा! चालू हाये! घुमून राह्यली अजून!"

"माहीच लाईन, मीच काढली, अन् तू मले शिकवते? सरक माह्या पोरीपासून!"

"अहो ऐका, डब्यातून ऐका!" धनराजनं त्याची वाट अडवली. पट्टी बांधलेल्या हातानं त्याचा सदरा धरला. वामनरावनं त्या मोडक्या हातावरच बुक्की मारली, त्याले बाजूले ढकललं अन् पुढे गेला. दोन पावलं गेला असन. मंग त्याचं अंग ताठलं. आवाज बी आला नाई तोंडातून. तो तारेवरच आडवा झाला अन् त्याचे पाय धानात झटके देऊ लागले. मांस जळाल्याचा वास आला.

"बाबा!" खुशबू उठली अन् बापाकडे धावली. शिकलेली पोरगी, नर्स होणारी, करंट लागलेल्याले हात लावू नये हे तिले काय माहीत नोहतं? पण बाप तो बाप. धनराज तारेच्या अलीकडे, ती पलीकडे. तिले धरायले रस्ता नोहता. त्यानं गळ्यातली गिटार काढली, वायरीसगट उपटली, अन् असेल नसेल तेवढा जोर लावून तिच्या अंगावर फेकून मारली. ती तिच्या गळ्याखालच्या हाडावर बसली. हाड मोडलं, पोरगी मागं कोसळली, गिटारीचे दोन तुकडे झाले. ती तशीच हातावर रांगत पुन्हा बापाकडे निघाली. धनराजनं ढेकूळ उचलून तिच्या डोस्क्यावर मारलं. "तिथंच राह्य! उठली तं जीव घेईन तुहा! हात लावू नको त्याले, रांडे, हात लावू नको!" आयुष्यात त्यानं बाईमाणसाले शिवी देल्ली नोहती.

मी बांबू उचलला, तारेचा माग काढत पळसाआडच्या खांबाशी गेलो अन् दुसरा आकडा पाडला. ठिणग्या उडाल्या. पण वामनराव तोवर संपला होता.

ओरडणं गावापर्यंत गेलं होतं. माणसं काठ्या घेऊन धावत आली, पुढे ते दोघं पुतणे. त्याइले काय दिसलं? वामनराव मेलेला, पोरगी रक्तानं भरलेली, अन् मधात धनराज ढेकूळ हातात घेऊन उभा. "मारलं! धनराजनं काकाले मारलं!" मंग काय विचारता. पयली काठी त्याच्या डोस्क्यात बसली, दुसरी पाठीत. तो खाली पडला तं लाथा सुरू झाल्या. मोडक्या हातावर पाय देऊन एकजण उभाच राह्यला. मी एकाच्या हातातून काठी ओढली अन् सपासप चालवली, कोणाले लागली पाहलं नाई. एकाच्या दंडाले असा चावलो का मांस तोंडात आलं. मलेबी त्याइनं आडवं केलं. रुखमाबाई कुठून धावत आली देव जाणे, ती धनराजच्या अंगावर पडली तं म्हातारीच्या पाठीवरबी एक काठी बसली. मी ओरडून राह्यलो होतो, "अरे, पोरीले विचारा! पोरीले विचारा रे!" पण कोण ऐकते.

खुशबूच्या छातीत श्वास मावत नोहता. तोंड उघडे, आवाज येत नसे. मंग ती एका हातानं स्वतःले सावरत उठली, चुलतभावाच्या काठीसमोर आली अन् किंचाळली.

"लाईन आमची होती! धनराजभाऊनं मले वाचवलं! बाबाची लाईन, बाबाच्याच अंगावर आली!"

काठ्या थांबल्या. पुतण्या म्हणाला, "गप व, डोस्कं फिरलं तुहं." तिनं त्याच्याकडे पाहलं नाई. ती रुखमाबाईकडे पाहत होती.

"मावशी, विक्कीभाऊ गेला तवाबी लाईन आमचीच होती. मी बोडीकडच्या खिडकीतून पाहलं. बाबानं अन् झिंगूनं त्याले ट्रॅक्टरवर टाकून नाल्याकडे नेलं. बाबाचाच दुपट्टा होता त्याच्या तोंडावर. मले बाबानं शपथ घातली. मी बोलली नाई, मावशी."

सारं गाव तिथं होतं. कोणी खोकललं नाई. रुखमाबाई धनराजच्या अंगावरून उठली, हळूहळू खुशबूसमोर गेली.

"कोणाची होती म्हणालीस?"

"आमची."

"एकडाव अजून म्हण."

"आमची होती, मावशी. वामनराव पाटलाची."

रुखमाबाईनं हात उचलला अन् त्या पोरीच्या थोबाडीत अशी हाणली का ती डगमगली. मंग तिलेच कवळीत धरलं, मोडल्या हाडासगट, अन् विक्की गेल्यापासून जे आतमध्ये कोंडलं होतं ते सारं बाहेर आलं. धनराज चिखलात पडल्या पडल्या रडून राह्यला होता, मी रडून राह्यलो होतो.

"आता मेला व माहा विक्की," म्हातारी म्हणे. "आज मेला माहा पोरगा."